छोट्या कार्यालयासाठी फाइल सर्व्हर निवडताना

फाइल सर्व्हर म्हणजे सर्वांच्या फाइली एकत्र ठेवणारा, नेटवर्कवरून वापरता येणारा संगणक. तो निवडण्याआधी कार्यालयातील सर्व संगणकांवरील फाइलींचा एकूण आकार मोजावा आणि पुढील तीन-चार वर्षांची वाढ गृहीत धरून साठवणक्षमता ठरवावी. पाच-दहा जणांना केवळ कागदपत्रे, हिशेब आणि छायाचित्रे एकत्र ठेवायची असतील, तर दोन किंवा चार हार्ड डिस्क बसणारे तयार नॅस उपकरण (नेटवर्कला जोडून फाइली साठवण्याची पेटी) बहुधा पुरेसे ठरते. मात्र त्याच यंत्रावर हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा डेटाबेसही चालवायचा असेल, तर लिनक्स किंवा विंडोज सर्व्हर असलेला स्वतंत्र संगणक घेणे योग्य.

डिस्कच्या रचनेचा विचार सावकाश करावा. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तोच मजकूर राहतो, म्हणून ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तरी वापरायला ४ टेराबाइटच जागा मिळते. रेड ५ मध्ये एक डिस्क बिघडली तरी मजकूर वाचतो, पण त्यासाठी किमान तीन डिस्क लागतात. कोणतीही रचना निवडली तरी ती बॅकअपची जागा घेऊ शकत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण चुकून पुसलेली किंवा रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या घातक प्रोग्रामने) कुलूपबंद केलेली फाइल सर्व डिस्कवर त्याच क्षणी नष्ट होते. म्हणून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक कार्यालयाबाहेर ठेवावी, आणि त्यांतून फाइल खरोखर परत मिळते का, हे अधूनमधून तपासावे.

गिगाबिट नेटवर्कचा कमाल वेग सेकंदाला १२५ मेगाबाइट असल्याने महागड्या प्रोसेसरपेक्षा केबल, स्विच आणि यूपीएसवर आधी खर्च करावा. प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि कामापुरतीच परवानगी द्यावी.