भरलेल्या फिशटँकची लेव्हल काढताना या चुका टाळा

टँक भरून होतो, मासे सोडून होतात, आणि मग सोफ्यावरून कोणाला तरी दिसतं की डावीकडे पाणी वर आहे. त्यानंतर घरात जे सुरू होतं ते नेहमी एकाच क्रमाने: आधी पाचर शोधतात, मग हातोडी, आणि मोजपट्टी शेवटी. हा क्रम उलटा हवा.

खालचे आकडे 4 × 1.5 × 2 फुटांच्या टँकचे आहेत. त्यात काठोकाठ सुमारे 340 लिटर पाणी मावतं. 12 मिमी काच जवळजवळ 80 किलो, रेती 40, लोखंडी अँगलचा स्टँड आणखी 40. म्हणजे फरशीवर अर्धा टन उभा आहे. हे डोक्यात ठेवलं की निम्म्या चुका होतच नाहीत.

कलला आहे की मुरडला आहे, हे न बघणं

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. पूर्ण टँक एका बाजूला 4 मिमी कललेला असेल, पण खालचा स्टँड सपाट असेल, तर काचेला फारसा त्रास नाही. खालच्या बाजूला पाण्याची उंची 4 मिमीने वाढली, म्हणजे दाब एक टक्क्याच्याही आत वाढला. तेवढं चांगला टँक सहज पेलतो. दिसायला वाईट, एवढंच.

धोका मुरडीत आहे. तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा 2 मिमी खाली असेल, तर भरल्यावर तळाची काच वजनाने वाकून त्या कोपऱ्यावर जाऊन टेकते. फट दिसेनाशी होते आणि लोक निश्चिंत होतात. प्रत्यक्षात तो ताण रात्रंदिवस काचेत आणि कोपऱ्याच्या सिलिकॉनमध्ये बसलेला असतो. पाणसळीवर 'लेव्हल' दाखवणारा टँक महिन्यांनी फुटतो तो यामुळे.

ओळखायचं असं. फिल्टर आणि एअर पंप बंद करा, पाणी शांत होऊ द्या. पाण्याइतकी खरी पातळी दुसरी कुठली नाही, त्यामुळे पाणसळ लागतच नाही आणि मोबाइलचं अ‍ॅप तर मुळीच नाही. स्टीलची पट्टी घेऊन चारही कोपऱ्यांत काचेच्या खालच्या कडेपासून पाण्याच्या रेषेपर्यंत मोजा. वरच्या कडेपासून मोजू नका. हाताने बनवलेल्या टँकमध्ये वरच्या कडा एक-दोन मिमी इकडेतिकडे असतात. आता समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करा: पुढचा डावा अधिक मागचा उजवा, आणि पुढचा उजवा अधिक मागचा डावा. दोन्ही बेरजा सारख्या आल्या तर टँक नुसता कललाय. दोन मिमी किंवा त्याहून जास्त फरक आला तर मुरड आहे, आणि मग वाट बघण्यात अर्थ नाही, त्याच दिवशी पाणी उतरवा.

नुसता कल असेल आणि लांबीत 3-4 मिमीच्या आत असेल तर हात लावू नका. वरच्या पट्टीच्या मागे जाईल एवढं पाणी भरा, फरक दिसायचा बंद होतो. यासाठी अर्धा टन हलवणं हा शुद्ध उपद्व्याप आहे.

टँक आणि स्टँडच्या मध्ये पाचर

या चुकीबद्दल कितीही बोललं तरी लोक करतातच. एका पाच फुटी टँकचं उदाहरण घ्या. उजवी बाजू 9 मिमी खाली. दोघांनी मिळून उजव्या पुढच्या कोपऱ्याशी, काच आणि स्टँडच्या प्लायच्या मध्ये, सागवानी पाचर ठोकली. टँक पूर्ण भरलेला. टँकखाली अंथरलेला थर्मोकोल चेपला, कोपरा वर आला, पुढून पाणी सरळ दिसलं आणि काम फत्ते झालं असं सगळ्यांना वाटलं. पहाटे पाचरीच्या टोकापासून तळाच्या काचेत तिरपा तडा गेलेला, रेती ओलीच पण पाणी बोटभर उरलेलं, आणि खालच्या मजल्याचं छत भिजलेलं.

का झालं ते साधं आहे. फ्रेम नसलेल्या टँकचा तळ सगळीकडून टेकलेला हवा. पाचर मारल्यावर त्या कोपऱ्याचं सगळं वजन दोन बोटांच्या लाकडावर आलं आणि पाचरीच्या पुढे तळ अधांतरी राहिला. एका जागी उचललेली काच तिथूनच तडकते. पॅकिंग द्यायचं ते नेहमी स्टँडच्या पायाखाली, फरशीवर. काचेखाली कधीच नाही, 'जरासं' सुद्धा नाही.

थर्मोकोल जाड केला की लेव्हल येते, हाही असाच गैरसमज. अर्ध्या इंची थर्मोकोल खिळ्याचं डोकं किंवा वाळूचा कण गिळतो. उतार जसाच्या तसा ठेवतो. आणि तळाला प्लास्टिकची फ्रेम असलेल्या टँकखाली तो घालायचाच नाही, कारण तिथे काच मुद्दाम फ्रेमवर अधांतरी धरलेली असते.

पाणी न काढता उचलणं

गाडीचा जॅक भरलेल्या टँकखाली लावणाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. बाकीच्यांसाठी क्रम असा.

हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर आला की त्याची काच तडकते. स्वच्छ ड्रममध्ये (ज्यात कधी साबण गेलेला नाही) टँकचंच पाणी काढा, मासे त्यात हलवा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, वर जाळी झाका. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा डब्याचा फिल्टर) असेल तर तो त्याच ड्रमवर चालू ठेवा. तो दोन-तीन तास बंद पडून राहिला तर आतले जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात आणि तेच कुजकं पाणी तुम्ही परत टँकमध्ये सोडता. मोठे दगड बाहेर काढा. टँकमध्ये चार इंच पाणी राहू द्या, म्हणजे झाडांची मुळं सुकत नाहीत. आता काच, रेती, स्टँड आणि उरलेलं पाणी मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास उरतात.

उचलायला चार-पाच फुटी पहार आणि खाली लाकडी ठोकळा. पहार स्टँडच्या कललेल्या टोकाच्या खालच्या आडव्या अँगलच्या मधोमध लावा, म्हणजे त्या टोकाचे पुढचा-मागचा असे दोन्ही पाय एकदम उठतात. एकच पाय उचलला की तुम्ही स्वतःच मुरड घालताय. एकाने पहार दाबायची, दुसऱ्याने पॅकिंग सरकवायचं, आणि बोटं पायाखाली घालायची नाहीत, पट्टीने ढकलायचं. पॅकिंगच्या जाडीपेक्षा एक-दोन मिमीच जास्त उचला. दहा मिमी उचलून धप्पकन सोडणारे उत्साही लोक या कामाला नकोत.

किती पॅकिंग? टँकच्या 48 इंचात 8 मिमी फरक आणि पायांमधलं अंतर 44 इंच असेल तर 8 × 44 ÷ 48, म्हणजे साधारण 7 मिमी. पुठ्ठा, घडी घातलेला कागद, नाणी, रबराचा तुकडा हे सगळं बाद. पुठ्ठा पाणी पितो आणि रबर महिनाभर दबत राहतं. 2 आणि 3 मिमीचे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे किंवा लोखंडी पट्टीचे चौकोन वापरा, पायापेक्षा मोठे, निदान 50 × 50 मिमी. प्लायच्या कपाटासारखा स्टँड असेल तर फक्त कोपऱ्यांखाली नाही, पूर्ण कडेने दर सहा इंचांवर पॅकिंग लागतं, नाहीतर मधली कड खाली झुकते.

स्टँडला फिरवायचे बोल्ट आहेत म्हणून भरलेल्या टँकवर पाना लावू नका. आटे घासतात, बोल्ट तिरका होतो.

फरशीचा विचार न करणं

गॅलरीजवळ फरशीला मुद्दामच उतार असतो, तिथे टँक ठेवून लेव्हल येत नाही म्हणून कुरकुर करणं व्यर्थ. त्याहून महत्त्वाचं, पाय जिथे येणार ती टाइल नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजली तर खाली माल भरलेला नाही. आज काढलेली लेव्हल टाइल तडकली की जाईल. पाय तिथून हलवा, किंवा दोन पायांखालून एकच जाड लोखंडी पट्टी घाला.

लेव्हल दर काही आठवड्यांनी बदलत असेल आणि टाइल ठणठणीत असेल, तर स्टँडचा खालचा भाग बघा. पार्टिकल बोर्ड सांडलेल्या पाण्याने फुगतो. त्यावर पॅकिंगचा इलाज नाही, स्टँड बदला.

घाईने परत भरणं

एक तृतीयांश भरा, मोजा. दोन तृतीयांश, परत मोजा. इथे चूक दिसली तर दुरुस्त करायला सोपी; पूर्ण भरल्यावर दिसली तर सगळा दिवस वाया. ड्रममधलं जुनं पाणी आधी, नळाचं शेवटी, अँटीक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकून. पाणी ताटलीवर ओता म्हणजे रेती उसळत नाही. रेती ढवळली गेली असेल तर अमोनिया तपासल्याशिवाय मासे सोडू नका.

रात्री स्टँडभोवती, टँकच्या चारही कडांना लागून, कोरड्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवा. सिलिकॉनमधून थेंबभर पाणी आलं तरी सकाळी कागदावर डाग दिसतो, आणि कुठल्या कोपऱ्यातून आलं तेही कळतं. दुसऱ्या दिवशी चारही कोपरे परत मोजा आणि आकडे पेन्सिलने स्टँडच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. महिन्याने परत मोजताना आधीचे आकडे समोर असतील.