पाइपलाइन जेसीबीने फुटली? खड्डा बुजवायच्या आधी या चुका टाळा

वैशाखात गावोगाव जेसीबी फिरू लागले की कुणाची ना कुणाची पाइपलाइन फुटतेच. बांध कोरायचा असतो, चारी काढायची असते, शेततळ्याची माती ओढायची असते, नाहीतर रस्त्याकडेने केबल टाकायची असते. बकेट जमिनीत जाते आणि पाण्याचा फवारा वर येतो.

चार वर्षांपूर्वी आमची 75 मिमीची मेन लाइन अशीच गेली. शेजारचे आबा त्यांच्या हद्दीला लागून चारी काढत होते. आमची आंबे बहाराची (उन्हाळ्यात पोसणारी) डाळिंबं लिंबाएवढी झालेली, विहिरीवर मोटर चालू. मी पोचलो तेव्हा चारीत गुडघाभर गढूळ पाणी. मोटर बंद केली, बांधावर पडलेला जुना पाइप कापून जोडला, जेसीबीवाल्याकडूनच माती लोटून घेतली आणि दिवे लागायच्या आत पाणी सुरू केलं. त्या तासाभरात केलेल्या चुका पुढे दीड महिना निस्तरत होतो. जोड दोनदा सुटला, ठिबक गाळाने बसलं आणि खर्च कुणी द्यायचा याचा वाद पार दिवाळीपर्यंत गेला.

पहिली चूक म्हणजे फक्त मोटर बंद करणं. मोटर बंद झाली तरी चढाच्या बाजूच्या पाइपातलं पाणी खड्ड्यात उतरत राहतं, आणि बाग उताराला असेल तर खड्ड्यातलं गढूळ पाणी तुटक्या तोंडातून बागेकडे शिरतं. फिल्टर विहिरीजवळ, पाइप फुटलेला त्याच्या पुढे, म्हणजे हा गाळ अडवायला मधे काहीच नाही. म्हणून एकाने मोटरकडे पळावं आणि दुसऱ्याने बागेकडचा व्हॉल्व्ह बंद करावा. तुटलेल्या दोन्ही तोंडांना स्वच्छ पोत्याचा बोळा घट्ट बसवावा. तो जोडायच्या आधी काढायची आठवण ठेवावी, कारण आत राहिलेला बोळा शोधायला पुन्हा सगळी लाइन उकरावी लागते.

आता जोडाकडे. पीव्हीसी पाइप जोडायचं सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते पीव्हीसीचा वरचा थर विरघळवतं आणि दोन पृष्ठभाग एकमेकांत मुरतात. पाइप ओला असेल, चिखलाचा हात लागलेला असेल, तर मुरण्यासारखं काही उरतच नाही. वरून जोड बसल्यासारखा दिसतो, प्रेशर आलं की सुटतो. खड्डा पाइपाच्या खाली निदान वीतभर जास्त खोल करा, म्हणजे झिरपणारं पाणी तिथे साचेल आणि पाइप कोरडा राहील. टोक करवतीने सरळ कापा, कड घासा, सॉकेटमध्ये (जोडाच्या रुंद तोंडात) पाइप किती आत जाणार तिथे खूण करा, कोरड्या फडक्याने पुसा. दोन्हीकडे पातळ थर लावा, पाइप आत घालताना थोडा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर टाकून द्या. पेट्रोल किंवा थिनर घालून पातळ केलेल्या सोल्युशनवर भरवसा ठेवू नका.

आमचा पहिला जोड सुटला तो दुसऱ्याच कारणाने. जमिनीत घट्ट बसलेल्या लाइनीत मधला तुकडा घालायचा असेल तर एका टोकाला सॉकेट बसतं, दुसऱ्या टोकाला पाइप मागे सरकायला जागाच नसते. मग ओढाताण करून कसंबसं बोटभर आत घालतात. तेवढ्याने भागत नाही. एकतर दोन्हीकडे आठ-दहा फूट लाइन उघडी करून पाइप अलगद उचलून वाकवता आला पाहिजे, नाहीतर मधे अडथळा नसलेला, पाइपावर पूर्ण सरकणारा रिपेअर कपलर आणायला पाहिजे. तालुक्याच्या दुकानात जाऊन यायला दोन तास लागतात. ते जाऊ द्यावेत.

पाचट पेटवून पाइप तापवायचा आणि दुसऱ्यावर चढवायचा, ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. तापवून ताणलेल्या तोंडाची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, काळपटलेली बाजू ठिसूळ होते. नुसत्या पाटपाण्याच्या लाइनीला ते चालून गेलं असेल, पण तुषारच्या लाइनीत दोन-अडीच किलो प्रेशर असतं. टायरची ट्यूब फाडून गुंडाळणं हाही रात्रीपुरता उपाय. ती गुंडाळी तशीच गाडून टाकली की पुढच्या वर्षी नेमकी तिथेच दलदल होते.

बांधावर उन्हात पडलेला पाइप वापरू नका. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतं, आणि मी तेच केलं होतं. नवा तुकडा घेताना मूळ लाइन 4 केजीची की 6 केजीची, म्हणजे किती प्रेशर सोसणारी, ते पाइपावरच्या छपाईवर वाचा. बाहेरचा व्यास दोन्हींचा एकच असतो, त्यामुळे फिटिंग बसतं आणि माणूस फसतो. जाडीत मात्र फरक असतो, आणि सबंध लाइनची ताकद तिच्यातल्या सर्वांत पातळ तुकड्याएवढीच. काळा एचडीपीई पाइप असेल तर सोल्युशनचा विचारच सोडा, त्याला ते धरतच नाही. त्याला कॉम्प्रेशन फिटिंग किंवा वेल्डिंगच लागतं.

जोडाला चोवीस तास द्या. माहीत आहे, उन्हाळ्यात चोवीस तास जड जातात. मधे पाणी तुटून मग एकदम भरपूर दिलं तर डाळिंब तडकतं, ही भीती खरी आहे. म्हणून पाणी सुरू करताना पाळी थोडी थोडी वाढवा. जोड घाईने वापरला तर तो पुन्हा सुटतो आणि पाण्याचा खंड दुप्पट होतो.

मोटर सुरू करताना लाइनीच्या शेवटचा फ्लश व्हॉल्व्ह उघडा ठेवा. आधी मेन लाइन धुवा, मग सबमेन (तिच्यातून बागेत फुटणारी फांदी), शेवटी लॅटरलची, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या ड्रिपरच्या बारीक नळ्यांची, टोकं उघडून एकेक ओळ. हा क्रम उलटा झाला की मेन लाइनीतला गाळ थेट ड्रिपरमध्ये जातो. आम्ही हे केलं नाही. नंतर ॲसिड सोडलं, पण ॲसिडने क्षार विरघळतात, काळ्या मातीचा गाळ विरघळत नाही. शेवटी तीन बायामाणसं दोन दिवस लॅटरल झटकत होती. पाइपाच्या किमतीपेक्षा ती मजुरी जास्त झाली, आणि भरपाई मागताना ती धरायची आम्हाला आठवणही राहिली नाही.

माती ढकलताना जोडाभोवती दगड जाऊ देऊ नका, चार बोटं मऊ माती हाताने घाला. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला वरखाली ओढते. त्यात एखादा दगड टेकलेला असेल तर पाइप तिथेच चिरतो. पाणी सोडून जोड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खड्डा बुजवूच नका.

खर्च कुणाचा?

खड्डा बुजवला की पुरावाही बुजतो. माझ्या हातून ते झालं होतं. पाइप किती खोल होता, लाइन आमच्या हद्दीत होती की आबांच्या, जेसीबी कुठून कुठे गेला, यातलं काहीच पुढे दाखवता आलं नाही. आबा म्हणाले, "अरे, तुझी लाइन फूटभरच खाली होती. नांगरालासुद्धा लागली असती." मी म्हणालो दोन फूट. बुजवलेल्या खड्ड्यावर उभं राहून दोघांपैकी कुणालाच खरं करता येईना.

म्हणून मोटर बंद झाल्यावर पाच मिनिटं याला द्या. खड्ड्यात टेप उभी धरून पाइपाच्या पाठीपासून जमिनीपर्यंतचा फोटो घ्या. बांध किंवा हद्दीचा दगड दिसेल असा एक फोटो, जेसीबीच्या नंबरचा एक. काम सांगणारा आणि मशीनवाला दोघंही तिथे असतानाच बोला. मशीनवाला त्याला सांगितलं तिथे बकेट घालतो, त्यामुळे आधी विचारायचं ते काम सांगणाऱ्याला. पण लाइनीची जागा दाखवूनही मशीनवाल्याने तिथेच खोदलं असेल तर मशीनमालकालाही त्यात ओढावं लागेल.

लाइन आपल्याच रानात असेल तर प्रश्न सोपा. शेजाऱ्याच्या रानातून गेलेली असेल तर परवानगी कशी घेतली, यावर सगळं ठरतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 49 खाली दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी न्यायची परवानगी तहसीलदार देतात. त्यात जमिनीखालचा पाइप निदान अर्धा मीटर खोल असायला हवा, लाइन दुरुस्तीत ठेवण्याची जबाबदारी पाइपवाल्याची, आणि दुरुस्तीसाठी खोदण्याआधी शेजाऱ्याला कळवून नंतर जमीन पूर्ववत करून द्यायची. म्हणजे परवानगी असेल आणि खोली भरत असेल तर फोडणाऱ्याकडे भरपाई मागायला पाय जमिनीवर टेकतात. पाइप फूटभरच खाली असेल तर आपली बाजू तिथेच लंगडी. आजोबांच्या काळातल्या तोंडी शब्दावर लाइन गेली असेल तर संबंध चांगले आहेत तोवरच ती कागदावर आणा, आणि नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात करून घ्या. भांडण झाल्यावर सही मिळत नाही.

रस्त्याखालून विनापरवाना ओढलेली लाइन रुंदीकरणात तुटली तर ठेकेदाराकडून काही निघण्याची आशा ठेवू नका. केबलवाल्यांची गोष्ट वेगळी. खोदताना नुकसान कमीत कमी करायचं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची, हे 1885 च्या तार कायद्यातसुद्धा लिहिलेलं होतं. खोदण्याआधी कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. पण ते कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या लाइनींसाठी आहे. तुमच्या विहिरीपासून बागेपर्यंतचा पाइप तिथे दिसेल या भ्रमात राहू नका, जागा आपणच दाखवायची. नुकसान मोठं असेल तर तलाठी आणि कृषी सहायकांकडून पंचनामा करून घ्या, आणि मागणी लेखी द्या. पाइप, फिटिंग, खोदाई, ठिबक धुण्याची मजुरी, सगळं वेगवेगळं लिहा.

कुणी मुद्दाम लाइन तोडली तर तो फौजदारी गुन्हा आहे. शेतीचं पाणी कमी होईल असा खोडसाळपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 खाली 5 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण चुकून लागलेल्या बकेटसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढू नका, असं मी कळकळीने सांगेन. बांधाला बांध लागून पिढ्या काढायच्या असतात.

आमचं असं मिटलं. दिवाळीनंतर आबांना बोलावून त्यांच्यासमोर तीच जागा पुन्हा उकरली आणि टेप लावली. पाइपावर सव्वा फूट माती निघाली. अर्धा मीटर म्हणजे वीस इंच, आमची पंधरा. मी पाइप आणि फिटिंगचा खर्च घेतला, आबांनी खोदाईचा आणि मजुरीचा दिला. त्याच खड्ड्यापासून पुढचा ऐंशी फूट पट्टा दोघांनी मिळून दोन फूट खाली नेला. आता लाइन जिथे जिथे वळते तिथे बांधावर चुन्याने रंगवलेला दगड आहे आणि त्यावर आकड्यात खोली लिहिलेली आहे. पावसाने चुना उडतो, म्हणून अक्षयतृतीयेच्या आसपास, जेसीबी गावात यायच्या आधी, दगड पुन्हा रंगवून घेतो.