इन्सब्रुकसाठी उड्डाण आखताना : नव्या डिस्पॅचरांसाठी थोडे अनुभवाचे

भारतात फ्लाइट डिस्पॅचचे, म्हणजे उड्डाणाचा मार्ग, इंधन आणि पर्यायी विमानतळ आखण्याचे प्रशिक्षण घेऊन युरोपात आलेल्या किंवा येऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : हिवाळ्याच्या हंगामात स्कीइंगच्या प्रवाशांना आल्प्समध्ये नेणाऱ्या विमानांचे काम मिळाले आहे, तर तयारी कशी करावी? गेली सात वर्षे मी इंग्लंडमधील एका चार्टर कंपनीच्या ऑपरेशन्स कक्षात हेच काम करते आहे आणि त्यातला मोठा भाग ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या विमानतळाचा आहे. पहिल्याच हंगामात या विमानतळाबाबत माझ्या हातून जी चूक झाली, ती अजून मनातून गेलेली नाही. म्हणून हे लिखाण मुख्यतः त्या चुकीबद्दल आहे. इंधनाचे हिशेब, मेटार (विमानतळावरच्या त्या वेळच्या हवामानाची नोंद) आणि टॅफ (पुढच्या काही तासांचा अंदाज) वाचणे हे तुम्हाला येते, असे मी धरून चालते.

नोकरीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. जाहिरातीत ‘डिस्पॅचर’ हा शब्द दिसला म्हणून अर्ज करू नका. ब्रिटनमध्ये हा शब्द बहुधा विमानाशेजारी उभे राहून सामान, प्रवासी, इंधन आणि वजनाचा ताळेबंद वेळेत उरकून घेणाऱ्या माणसासाठी वापरतात. मार्ग, इंधन आणि पर्यायी विमानतळ ठरवणाऱ्याचे पद ऑपरेशन्स कंट्रोलर किंवा फ्लाइट प्लॅनर अशा नावाने शोधावे लागते. भारतातील मंजुरी तशीच्या तशी चालत नाही आणि कंपनी स्वतःचे प्रशिक्षण देते. त्याने खचून जाऊ नका, कारण पाया तोच असतो.

आता विमानतळाविषयी. नव्या माणसाने आधी त्याचा इतिहास वाचावा, असा माझा आग्रह असतो, कारण आजच्या कित्येक नियमांची कारणे त्या इतिहासात आहेत. इन्सब्रुकचे पहिले विमानतळ १९२५ साली शहराच्या पूर्वेला राइशेनाऊ येथे सुरू झाले. आज तिथे नागरी वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, ते शहराच्या पश्चिमेला क्रानेबिटन येथे हलले आणि १९६४ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी त्याची मोठी पुनर्बांधणी झाली. ऑलिम्पिक ९ फेब्रुवारीला संपले आणि २९ फेब्रुवारीला लंडनहून येणारे ब्रिटिश ईगल कंपनीचे ब्रिटानिया विमान ढगांतून वाट काढताना ग्लुंगेत्सर पर्वतावर आदळून त्यातील सर्व ८३ जण मृत्युमुखी पडले. प्रवासी बहुतेक सुटीसाठी निघालेले होते, म्हणजे आज मी ज्यांची उड्डाणे आखते तसेच. १९८० मध्ये तिरोलियन एअरवेजने येथून नियमित सेवा सुरू केली, तेव्हा निवडलेले विमान होते चार इंजिनांचे, आखूड धावपट्टीवर उतरू शकणारे आणि तीव्र चढ घेऊ शकणारे डॅश सेव्हन. ती निवड हौसेची नव्हती, दरीने करायला लावलेली होती.

ही दरी नकाशावर नीट पाहा. इन नदीची दरी पूर्व-पश्चिम जाते आणि दोन हजार मीटर लांबीची धावपट्टीही तशीच आहे. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर आहे, तर उत्तरेला नॉर्डकेटेच्या रांगेतील हाफेलेकार शिखर २३३४ मीटर आणि दक्षिणेला पाचरकोफेल २२४६ मीटर उंच आहे. या दोन भिंतींच्या मधून प्रवासी जेट विमान खाली आणायचे असते, आणि धावपट्टी दिसली नाही तर त्याच अरुंद जागेतून वळवून पुन्हा वर न्यायचे असते. म्हणून येथे कोणताही कॅप्टन पाठवता येत नाही. विमानतळ सर्वांत अवघड, म्हणजे ‘सी’ श्रेणीत धरला जातो आणि कॅप्टनने त्याचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. आदल्या रात्री कोणी आजारी पडले आणि बदली कॅप्टन शोधला, तर पहिली तपासणी याची करा. रात्री विमानतळ बंद होतो, त्यामुळे उशिराने निघणाऱ्या विमानासाठी घड्याळाकडेही लक्ष ठेवावे लागते.

या सगळ्याची माहिती मला पहिल्या दिवसापासून होती, आणि तरीही मी फसले.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात स्थानिक वाऱ्यांचा एक तक्ता असायचा. लू, चिनूक, मिस्ट्रल, बोरा आणि त्यांच्यात फॉन : आल्प्सच्या उत्तर उतारावर वाहणारे उष्ण व कोरडे वारे. जोड्या लावण्यात हमखास गुण मिळायचे. तो फॉन मला पंधरा वर्षांनी प्रत्यक्ष भेटला तो मार्चमधल्या एका शनिवारी. सकाळी इन्सब्रुकचा मेटार पाहिला : वारा दोन नॉट, दिशा बदलती, आकाश निरभ्र, दृश्यमानता उत्तम, तापमान चार अंश. मी मुंबईत शिकलेली. आमच्याकडे वाईट हवामान म्हणजे डोळ्यांना दिसणारी गोष्ट, काळेभोर आभाळ आणि धावपट्टीवर साचलेले पाणी. निरभ्र आकाश आणि स्थिर हवा पाहून मी निर्धास्त झाले. टॅफमध्ये दुपारनंतर दक्षिणेकडून झोताच्या वाऱ्याची नोंद होती, पण आमचे विमान पावणेबाराला उतरणार होते. मी मागच्या आठवड्याची योजना उघडली, प्रवासीसंख्या आणि वजन बदलले, पर्यायी विमानतळ साल्झबुर्ग तसाच ठेवला आणि नियमाला पुरेल एवढेच इंधन धरले.

विमान पूर्वेकडून दरीत उतरू लागले तेव्हा त्याला जबर हेलकावे बसू लागले. पहिला प्रयत्न सोडावा लागला, दुसराही सोडला, आणि तिसऱ्यासाठी थांबण्याएवढे इंधन मी दिलेले नव्हते. साल्झबुर्गलाही त्या वेळी वारा वाढत होता, म्हणून कॅप्टनने म्युनिक गाठले. कोणाला इजा झाली नाही. पण दीडशेहून अधिक प्रवासी, त्यांत कितीतरी लहान मुले, म्युनिकहून बसने निघाले आणि संध्याकाळी अंधारात इन्सब्रुकला पोहोचले. परतीचे प्रवासी तोवर इन्सब्रुकच्या इमारतीत जमिनीवर बसून होते. दुपारी एकचा मेटार मी पाहिला तेव्हा तापमान पंधरा अंश होते आणि झोत चाळीस नॉटचे होते. चार अंशांवरून पंधरा, तेही काही तासांत.

आता ही फसगत कशी होते, ते सावकाश सांगते, कारण नेमके हेच मला कोणी सांगितले नव्हते. आल्प्सच्या दक्षिणेला हवेचा दाब जास्त आणि उत्तरेला कमी झाला की हवा उत्तरेकडे निघते. मध्ये पर्वतांची भिंत असते आणि त्या भिंतीतल्या सर्वांत सखल खिंडींपैकी एक म्हणजे १३७० मीटर उंचीची ब्रेनर खिंड. तिथून हवा उत्तरेला विप दरीत उतरते, उतरताना दर शंभर मीटरला सुमारे एक अंश तापते आणि कोरडी होत जाते. ही विप दरी इन्सब्रुकपाशीच इन दरीला मिळते, म्हणजे पूर्वेकडून धावपट्टीवर येणारे विमान शेवटच्या टप्प्यात तिच्या तोंडासमोरूनच जाते.

पण रात्रभर इन दरीच्या तळाशी थंड, जड हवा साचलेली असते, परातीत पाणी साचावे तशी. दक्षिणेकडून येणारा उबदार वारा हलका असल्यामुळे तिला लगेच हटवू शकत नाही, तो तिच्यावरून सरकत जातो. वाऱ्याचे मोजमाप धावपट्टीशेजारी जमिनीपासून दहा मीटरवर होते, म्हणजे त्या साचलेल्या हवेच्या तळाशी. त्यामुळे मेटार खोटे बोलत नाही. तो परातीच्या तळाचे खरे वर्णन करतो. विमानाला मात्र वरच्या वेगवान वाऱ्यातून त्या स्थिर हवेत उतरायचे असते, आणि दोन्हींच्या सीमेवर वाऱ्याची दिशा व वेग काही सेकंदांत बदलतात. म्हणून फॉन जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीचे काही तास, जेव्हा मेटार सर्वांत शांत दिसतो, तेच नवख्याला सर्वांत जास्त फसवतात. कधी कधी तर या काळात तळाशी हलका पश्चिमेचा वारा असतो आणि डोक्यावर दक्षिणेचे वादळ. शांत मेटारवर विसंबून इंधन कमी करू नका. हे मी तीनदा लिहायलाही तयार आहे.

मग पाहायचे काय? त्या शनिवारी संध्याकाळी इन्सब्रुकच्या हँडलिंग कंपनीतील, म्हणजे विमानतळावर आमच्या विमानांची आणि प्रवाशांची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीतील, एका बाईंना मी फोन केला. दिवसभर त्यांनी माझ्या कंपनीचे प्रवासी सांभाळले होते, आणि मी माफी मागू लागले तर त्यांनी मला मध्येच थांबवून विचारले, “सकाळी पाचरकोफेलवर वारा किती होता?” मला माहीत नव्हते. डोंगरमाथ्यावर हवामानकेंद्र आहे आणि तिथले आकडे सर्वांना पाहता येतात, हेही माहीत नव्हते. “आणि बोल्झानोचा दाब?” तेही नाही. त्यांनी शांतपणे सांगितले की मुली, रोज सकाळी कागदावर दोन रकाने आख, एकात बोल्झानो आणि दुसऱ्यात इन्सब्रुक.

बोल्झानो हे ब्रेनरच्या दक्षिणेचे, इटलीतले शहर. दोन्ही विमानतळांच्या मेटारमध्ये समुद्रसपाटीला आणलेला दाब असतोच. बोल्झानोचा आकडा इन्सब्रुकपेक्षा वरचढ होऊ लागला की दक्षिणेकडून ढकलणे सुरू झाले, एवढे समजायचे. माझी स्वतःची सवय अशी आहे की फरक चार हेक्टोपास्कलच्या पुढे जाऊ लागला आणि पाचरकोफेलवर दक्षिणेचा वारा धरला, तर मेटार काहीही म्हणो, मी कॅप्टनला निघण्याआधी फोन करते, वाट पाहण्यासाठी जादा इंधन सुचवते आणि पर्यायी विमानतळ डोंगरांपासून दूर असलेला निवडते. एका वेळच्या आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने सरकतो आहे हे महत्त्वाचे असते, म्हणून दर तासाची नोंद ठेवते. चौकड्यांच्या वह्यांत केलेल्या या नोंदी मी अजून जपून ठेवल्या आहेत. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्या शनिवारचे आकडे मागाहून शोधून लिहिले आहेत : सकाळी सहा वाजताच फरक पाच होता.

आता माझी काही ठाम मते. मागच्या आठवड्याची योजना उघडून तिच्यात आकडे बदलण्याची सवय पहिल्या दिवसापासून सोडा. वेळ वाचतो, पण तुमचा विचारही मागच्या आठवड्याच्या हवामानातच राहतो. हिरवा-लाल रंग दाखवून निर्णय देणारी ॲप मदतीला ठेवा, पण रंगामागचा आकडा वाचता येत नसेल तोवर त्या रंगावर सही करू नका. इन्सब्रुक हे संगणकावरच्या सिम्युलेटर खेळांतले आवडते ठिकाण आहे, त्यामुळे पुष्कळ मुले मला ‘तिथले सगळे पाठ आहे’ असे सांगतात. दरीची रचना त्यातून नक्की समजते, परंतु वाऱ्याची किंमत कळत नाही.

मार्गदर्शकाबद्दलही बोलते. माझ्या पहिल्या वरिष्ठांचा स्वभाव अतिशय मदतीचा होता. अडलेली योजना ते माझ्या हातून घेऊन दोन मिनिटांत पुरी करून देत. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही, पण त्या मदतीमुळे मी वर्षभर मागे राहिले, असे माझे प्रामाणिक मत आहे. उत्तर देणाऱ्यापेक्षा उलट प्रश्न विचारणारा माणूस शोधा. तो तुमच्याच कंपनीत असेल असे नाही, आणि त्याचा हुद्दा तुमच्यापेक्षा मोठा असेल असेही नाही. शक्य असेल तर एकदा स्वतःच्या खर्चाने इन्सब्रुकला जा. नॉर्डकेटेच्या केबलकारने १९०५ मीटरवरच्या सीग्रूबे स्थानकापर्यंत चढा आणि कठड्याशी उभे राहा. मी गेले त्या दिवशी आमच्यासारखेच एक विमान पूर्वेकडून आले आणि ते माझ्या पायांखालून, बऱ्याच खालून गेले. त्याची पाठ आणि दोन्ही पंखांचा वरचा भाग मला दिसत होता, आणि समोर दक्षिणेला विप दरीचे उघडे तोंड होते. उड्डाणाच्या योजनेत कागदावर दिसणाऱ्या मार्गाच्या रेषेचा अर्थ मला तेव्हा उमगला.

चूक झाली म्हणून तुम्ही या कामाला नालायक ठरत नाही. विमान दुसरीकडे वळवणे हा अपघात नव्हे, अपघात टाळण्याचा ठरवून ठेवलेला मार्ग आहे, आणि तो वापरणारा कॅप्टन तुमच्यावर चिडत नाही. माझ्या त्या कॅप्टनने दुसऱ्या दिवशी एवढेच विचारले की पुढच्या वेळी एक टन जास्त देशील का. दिलासा म्हणून हे सांगते आहे, पण तो दिलासा सैल सोडू नका : साल्झबुर्गऐवजी म्युनिक गाठण्याएवढे इंधन त्या दिवशी विमानात होते, ते त्याने स्वतः पहाटे वाढवून घेतल्यामुळे.

फॉन संपतानाचा काळही सोपा नसतो, आणि हे मला तिसऱ्या हंगामात कळले. बहुधा पश्चिमेकडून थंड हवेची आघाडी येते, दक्षिणेचा वारा एकदम कोसळतो आणि तासाभरात ढग खाली उतरून बर्फ पडू लागते. वारा गेला म्हणून विमान सोडावे तर पोहोचेपर्यंत ढगांची पातळी उतरण्याच्या मर्यादेखाली गेलेली असते. गेल्या फेब्रुवारीत असाच एक शनिवार आला. फरक सहावर होता, आघाडी दुपारी चारच्या सुमारास अपेक्षित होती आणि विक्री विभाग दर दहा मिनिटांनी विचारत होता की विमान का उभे आहे. मी कॅप्टनशी बोलून उड्डाण तीन तास पुढे ढकलले, इंधन म्युनिकसाठी आणि वर चाळीस मिनिटे थांबण्यासाठी धरले आणि वही उघडून बसले. बोल्झानोचा आकडा दोनदा स्थिर राहिला, तिसऱ्या तासाला एकाने उतरला. विमान निघाले. उतरण्याआधी त्याला पंचवीस मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या, धावपट्टीवर टेकले तेव्हा नॉर्डकेटेचा माथा ढगात गेला होता, आणि परतीचे प्रवासी घेऊन ते निघाले तेव्हा बर्फाचे पहिले कण पडू लागले होते.