पाइपलाइनची देखभाल: गेज ठीक दाखवतंय म्हणून होणाऱ्या चुका

प्रवाह तेवढाच, पण पंपाचं डिस्चार्ज प्रेशर दर आठवड्याला थोडं चढतंय. अशा वेळी प्रेशर आणखी वाढवून शिफ्ट निभावून नेणं ही सर्रास होणारी चूक. त्याच प्रवाहाचे जुने आकडे काढा आणि प्रेशर ड्रॉप एकेका टप्प्यात ताडून बघा. तुंबलेला स्ट्रेनर (गाळणी), अर्धवट उघडा व्हॉल्व्ह की कच्च्या तेलातून आत साचलेलं मेण, हे त्यातूनच उमगतं.

प्रवाह संथ असला की पाणी आणि गाळ तळाशी बसतात आणि तिथेच गंज धरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. अलास्कातल्या प्रुडो बे इथे मार्च २००६ मध्ये झालेली कच्च्या तेलाची गळती अशाच आतल्या गंजामुळे झाली. त्या लाइनमधून स्मार्ट पिग (पाइपच्या आतून फिरून गंज तपासणारं यंत्र) शेवटचा गेला होता १९९८ मध्ये!

कॅथोडिक प्रोटेक्शनचं (पाइपला वीजप्रवाह देऊन गंज रोखण्याची पद्धत) रीडिंग उणे ८५० मिलिव्होल्ट आलं की वहीत बरोबरची खूण होते. पण रेक्टिफायर (हा प्रवाह पुरवणारं उपकरण) चालू असताना घेतलेल्या आकड्यात मातीतला व्होल्टेज ड्रॉपही मिसळलेला असतो. करंट क्षणभर तोडून 'इन्स्टंट ऑफ' रीडिंग घ्या. कोटिंग पाइपपासून सुटून आत पाणी शिरलं असेल, तर मात्र हे रीडिंगही फसवू शकतं. तिथे खणून पाहावं लागतं.

सगळ्यात जीवघेणी चूक पिग लाँचरवर, म्हणजे लाइनमध्ये पिग सोडायच्या कक्षावर होते. गेज शून्यावर, म्हणून दार उघडायला घेतलं. गेजची नळी मेणाने बुजली असेल तर? २४ इंची दारावर अर्धा बार दाब म्हणजे जवळपास दीड टन जोर. व्हेंट (गॅस बाहेर सोडणारा) आणि ड्रेन (द्रव काढणारा) दोन्ही मोकळे वाहतात का, ते आधी बघा. मग व्हेंट थोडा वेळ बंद ठेवा. दाब पुन्हा चढला तर आयसोलेशन व्हॉल्व्ह (लाँचर लाइनपासून तोडणारा) पास होतोय, म्हणजे बंद असूनही गळतोय, दाराला हात लावू नका. आणि दारासमोर कधीच उभं राहू नका, परमिटवर कितीही सह्या असोत.

गॅस लाइनमध्ये हायड्रेटचा (पाणी आणि गॅस मिळून बनणारा बर्फासारखा पदार्थ) गोळा अडकला तर फक्त एका बाजूचा दाब सोडू नका. तो गोळीसारखा सुटतो. दोन्ही बाजूंनी सावकाश उतरवा.

रिसीव्हरमधून (पिग बाहेर काढायचा कक्ष) निघालेल्या काळ्या गाळात आयर्न सल्फाइड असू शकतं, ते सुकलं की हवेत आपोआप पेटतं. विल्हेवाट लागेपर्यंत तो गाळ पाण्याने भिजलेला ठेवा.