मनःस्वास्थ्याची चाचपणी कशी करावी?

मनःस्वास्थ्य म्हणजे सदैव आनंदी असणे नव्हे. मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये त्याचे सहा घटक मांडले: स्वतःचा स्वीकार, इतरांशी जिव्हाळ्याचे संबंध, स्वायत्तता, परिस्थितीवरील पकड, जगण्यातील हेतू आणि व्यक्तिगत वाढ. या सहांची डागडुजी एकदम करू नये. सर्वांत दुबळा घटक आधी हाती घ्यावा.

तो ओळखण्यासाठी दोन आठवडे रोज रात्री वहीत दोनच ओळी लिहाव्यात: आज कशाने बरे वाटले आणि कोणत्या क्षणी जीव कोंडला. कार्यालयातील प्रत्येक निर्णय दुसऱ्याने घेतल्याची नोंद वारंवार येत असेल, तर उणीव स्वायत्ततेची आहे. तिथे सहलीचा फारसा उपयोग होणार नाही.

परिस्थितीवरील पकड हा घटक आपल्याकडे, नागपुरात, हवामानाशी जोडलेला आहे. मार्चमध्ये सुरू केलेला संध्याकाळचा फेरफटका, पारा ४५ अंशांकडे सरकल्यावर मे महिन्यात बंद पडतो, आणि मग माणूस उन्हाला दोष न देता स्वतःलाच आळशी ठरवतो. म्हणजे एका घटकाची पडझड दुसऱ्यावर, स्वतःच्या स्वीकारावर, येते. अशा वेळी संकल्प मोडण्यापेक्षा वेळ बदलावी. पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सची वाट धरावी, किंवा तेवढेही जमत नसेल तर गच्चीवर वीस मिनिटे चालावे.

नात्यांसाठी मोठा समारंभ लागत नाही. रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर जुन्या मित्रासोबत घालवलेला अर्धा तास पुरतो, मात्र त्या वेळी मोबाइल खिशातच असावा. (ही अट पोह्यांहून तिखट आहे, हे मान्य.) हेतू आणि वाढ यांसाठी शिकण्याची एकच गोष्ट निवडावी आणि तिला आठवड्यातील ठरावीक वार द्यावा.

शेवटी जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच विधानांच्या प्रश्नावलीवर मागील दोन आठवड्यांतील प्रसन्नता, शांतता, उत्साह, उठल्यावरचा ताजेपणा आणि दैनंदिन जीवनातील रस यांना प्रत्येकी ० ते ५ गुण द्यावेत, आणि बेरजेला ४ ने गुणावे. उत्तर ५० च्या खाली आल्यास वही बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोलावे, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.