डिझर्टेशनचं प्रपोजल फीडबॅकला न्यायचंय? मग असं तयार करा

नवीन शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये महाराष्ट्रात दोन वर्षांच्या पीजीला दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट, म्हणजेच डिझर्टेशन, आलाय, तिसऱ्या सेमला 4 क्रेडिट आणि चौथ्याला 6. तरी बहुतेक जण प्रपोजल प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री बसून उरकतात, आणि मग दोनच मिनिटांत समोरचे सर विचारतात, "तुम्हाला नक्की शोधायचंय काय?" माझंही हेच झालेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी विषय बारीक करा. माझा विषय होता "ऊसतोड कामगारांच्या समस्या". हा एवढा मोठा आहे की दहा जणांना वाटला तरी उरेल. कोण, कुठे, कधी आणि त्यांच्याबद्दल नेमकं काय, हे चार प्रश्न स्वतःला विचारत गेले तेव्हा तो असा झाला: आई-बाप तोडणीला गेल्यावर आजी-आजोबांकडे मागे राहिलेली सहावी ते आठवीची मुलं हंगामात शाळेत किती दिवस जातात, आणि तेही बीड जिल्ह्यातल्या एकाच तालुक्यातल्या तीन गावांत. विषय एका दमात सांगता येत नसेल तर तो अजून मोठाच आहे असं समजा.

मग वाचन. शोधगंगा या वेबसाइटवर पीएचडीचे प्रबंध फुकट मिळतात आणि शोधगंगोत्रीवर सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधांचे सुरुवातीचे आराखडे. त्यांचा पसारा आपल्यापेक्षा मोठा असतो पण मांडणी कशी करतात ते कळतं. प्रत्येक वाचलेल्या गोष्टीखाली दोनच ओळी लिहा, यांना काय सापडलं आणि यांनी काय सोडलं. ते सोडलेलं म्हणजेच तुमची जागा. उतारे मात्र उचलू नका, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्याच्या पुढे गेलात की कारवाई होते, आणि हे नियम मास्टर्सच्या डिझर्टेशनलाही लागू आहेत.

लिहायला घेताना पहिलं काम, विभागाचा फॉरमॅट मागून घ्या. नसेल तर पाच-सहा पानं पुरतात: विषय, तो का घेतला, आधी काय काम झालंय, उद्दिष्टं, पद्धत, मर्यादा, वेळापत्रक, संदर्भ. उद्दिष्टं तीनच ठेवा, चार म्हणजे खूप झाली. "अभ्यास करणे" असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही, त्याऐवजी तुलना करायचीय का, मोजायचंय का, कारणं शोधायचीत का, ते लिहा. आणि मुलाखतींवर आधारलेलं काम असेल तर गाईडला विचारल्याशिवाय उगाच गृहीतकं (हायपोथिसिस, म्हणजे काय निघेल याचे आधीच मांडलेले अंदाज) चिकटवू नका.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: उद्दिष्ट, माहिती कोणाकडून, कशी, कोणत्या महिन्यात. प्रपोजलमधली भोकं इथेच दिसतात. मी हा तक्ता केलाच नव्हता आणि पालकांच्या मुलाखती थेट जानेवारीत टाकल्या होत्या. प्रेझेंटेशनला एका सरांनी शांतपणे विचारलं, "जानेवारीत आई-बाप गावात असतील का?" नसतातच, दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. म्हणजे मुलाखती तर राहिल्याच, पण लहान मुलांशी बोलायचं तर पालकांची लेखी संमती लागते, ती तरी कोण देणार? दुसरं म्हणजे मी फक्त हजेरीपट बघणार होते. तिथल्याच एक मॅडम म्हणाल्या, पटावर नाव असणं वेगळं आणि पोरगं बाकावर असणं वेगळं, आठवड्यातून दोन दिवस स्वतः जाऊन डोकी मोज. हे दोन शेरे मिळाले नसते तर सगळं वर्ष वाया गेलं असतं.

ड्राफ्ट गाईडला निदान चार-पाच दिवस आधी द्या, प्रिंट काढून, बाजूला लिहायला समास सोडून. आणि नुसतं "सर, बघून घ्या" म्हणू नका, वरच्या पानावर दोन-तीन नेमके प्रश्न लिहा: तीन गावं पुरतील का, प्रश्नावली ठेवू की नुसत्या मुलाखती. नेमकं विचारलं की उत्तरही नेमकं येतं. एक प्रत विषयाशी संबंध नसलेल्या मैत्रिणीला द्या, तिला जिथे अडखळायला होईल तिथे पॅनेलही अडखळणार.

प्रेझेंटेशन दहा मिनिटांचं असेल तर सात-आठ स्लाईड बास. अर्ध्याहून जास्त वेळ पद्धतीला आणि वेळापत्रकाला द्या, कारण फीडबॅक तिथेच हवा असतो, प्रस्तावना सगळ्यांना माहीत असते. मोबाईलवर टायमर लावून दोनदा मोठ्याने म्हणून बघा. मराठीत स्लाईड करत असाल तर युनिकोडमध्येच टाईप करा, श्रीलिपीसारख्या फॉन्टमधलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं, म्हणून पीडीएफही पेनड्राईव्हवर सोबत ठेवाच.

शेरे चालू असताना लगेच बचाव करायला जाऊ नका. प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत म्हणा, "म्हणजे सर, तुम्हाला गावांची निवड कशी केली ते विचारायचंय ना?", आणि मगच उत्तर द्या. येत नसेल तर "तपासून सांगते" म्हणायला काहीच हरकत नाही. सगळं लिहून घ्यायचं काम एखाद्या मित्राला द्या कारण उभं राहून बोलताना अर्धं डोक्यात राहत नाही.

त्याच रात्री ते शेरे तीन ठिकाणी वाटा: लगेच बदलायचे, गाईडला विचारायचे, आणि न घ्यायचे पण का नाही ते लिहून. दोन सरांचं म्हणणं एकमेकांच्या उलट असेल तर (आणि तसं होतंच) स्वतः ठरवू नका, दोन्ही गाईडसमोर ठेवा. सुधारलेलं प्रपोजल देताना वर एक पान जोडा, कोणी काय सांगितलं, मी काय बदललं, कोणत्या पानावर. गाईडची सही झाली की त्याच दिवशी विभागाकडून मुख्याध्यापकांच्या नावाचं परवानगीचं पत्र घ्या आणि संमतीचे फॉर्म घेऊन गावात जा, दसऱ्यानंतर तिथे सही द्यायला घरात फक्त आजी उरलेली असते.