ऑनलाइन कोर्स बनवताना या चुका टाळा : माउस न वापरणारा विद्यार्थी नेमका कुठे अडकतो

कोर्स तपासायला आला की मी आधी माउस बाजूला ठेवते. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळा एवढ्यावर धडा उघडता आला पाहिजे, व्हिडिओ थांबवता आला पाहिजे, चाचणी जमा करता आली पाहिजे. बहुतेक कोर्स इथेच अडकतात, आणि अडकायच्या जागाही त्याच त्या असतात.

न बोलणारी चौकट

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. एका कोर्समध्ये एक दृष्टिहीन विद्यार्थिनी प्रत्येक चाचणीत नापास होत होती. तिचा अभ्यास कच्चा आहे, असं शिक्षक धरून चालले होते. मी तिच्या शेजारी बसून पाहिलं. तिने उत्तरं निवडली, ‘जमा करा’वर एंटर दाबलं. पडद्याच्या मधोमध चौकट उघडली : दोन उत्तरं चुकली, पुन्हा प्रयत्न करा. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, गप्प. फोकस, म्हणजे दाबलेली कळ जिथे लागू होते ती जागा, मागच्याच बटणावर होता, चौकटीपर्यंत गेलाच नव्हता. बटण दाबलंच गेलं नाही असं वाटून तिने पुन्हा एंटर दाबलं. तीच उत्तरं परत जमा झाली. तिसऱ्यांदा दाबल्यावर तिन्ही प्रयत्न संपले आणि चाचणी बंद झाली. कुठलं उत्तर चुकलं हे तिला एकदाही ऐकू आलं नव्हतं. तिला विषय चांगला येत होता.

चौकट उघडली की फोकस आत गेला पाहिजे, ती उघडी असेपर्यंत टॅबने बाहेर मागच्या पानावर जाऊ नये, एस्केपने ती मिटावी आणि फोकस ज्या बटणावरून आला तिथेच परतावा. वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमधला तयार चौकटीचा डायलॉग एलिमेंट शोमोडल या आज्ञेने उघडला तर यातलं जवळजवळ सगळं ब्राउझरच करतो. तरीही लोक डिव्हवर डिव्ह (नुसते साधे कप्पे) रचून घरची चौकट बनवतात, का ते मला आजवर कळलेलं नाही. ‘जतन झालं’ एवढंच सांगायचं असेल तर चौकटच नको. आरिया-लाइव्हची जागा (तिच्यातला बदल स्क्रीन रीडर आपणहून वाचतो) पानावर आधीपासून रिकामी ठेवा आणि मजकूर नंतर त्यात घाला.

ओढा आणि सोडा

जोड्या लावा, क्रम लावा असे प्रश्न ओढूनच सोडवायचे, हा हट्ट सोडा. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, ओढण्याला पर्याय द्यायला सांगितलं आहे. ते वाचून ‘आता क्लिकनेही होतं’ म्हणत लोक निश्चिंत होतात. तो नियम माउस किंवा बोट वापरणाऱ्यांसाठी आहे. कीबोर्डने सगळं करता यावं ही अट 2008 च्या 2.0 आवृत्तीपासून आहे आणि ती वेगळी पाळावी लागते. मी सरळ प्रत्येक ओळीसमोर निवडयादी ठेवते. दिसायला साधी, पण सगळ्यांना सोडवता येते.

थोडक्यात सांगण्यासारख्या

फोकसची चौकट, म्हणजे फोकस असलेल्या बटणाभोवती दिसणारी रेघ, कुरूप दिसते म्हणून सीएसएसमधून (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमधून) काढू नका. काढलीच तर तिच्याहून ठळक अशी दुसरी द्या.

अक्षर मोठं आणि ठळक केलं म्हणजे शीर्षक होत नाही. स्क्रीन रीडरवाले एच दाबत शीर्षकांवरून उड्या मारतात. खरी शीर्षकं नसली तर तुमचा धडा त्यांच्यासाठी एकसलग ढीग असतो.

टॅबचा क्रम ठरवणाऱ्या टॅबइंडेक्सला शून्याहून मोठा आकडा देऊ नका. क्रम चुकत असेल तर कोडमधला क्रम बदला.

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मराठी मजकूरही तसाच : डोळ्यांना मराठी, स्क्रीन रीडरला निरर्थक रोमन अक्षरं. आणि पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवा, नाहीतर इंग्रजी आवाज मराठीवर तुटून पडतो.

हिरवी खूण आणि एका ओळीची स्क्रिप्ट

नवशिक्यांची घाई इथे दिसते. स्वयंचलित तपासणीत सगळं हिरवं आलं की काम संपलं असं ते मानतात. आकृतीला पर्यायी मजकूर (चित्र न दिसणाऱ्याला वाचून दाखवायचं वर्णन) आहे का, हे ते साधन सांगेल. त्यात ‘चित्र 4’ एवढंच लिहिलं आहे, हे ते सांगणार नाही. ‘एक ओळ टाका, साइट सुलभ होईल’ असं म्हणणाऱ्या स्क्रिप्टवर तर माझा अजिबात विश्वास नाही. फोकस कुठे जायला हवा होता हे बाहेरून चिकटवलेल्या स्क्रिप्टला कसं कळणार?

एनव्हीडीए हे स्क्रीन रीडरचं सॉफ्टवेअर मोफत आहे. ते उतरवून घ्या आणि ब्राउझ मोड (पान वाचण्यासाठीचा) व फोकस मोड (रकाने भरण्यासाठीचा) यांतला फरक समजेपर्यंत वापरा. मग पडदा बंद करून स्वतःची चाचणी स्वतः सोडवा. एक आवाज ऐकून ‘चालतंय की’ म्हणू नका.

‘हे इकडे, ते तिकडे’

व्हिडिओत शिक्षक म्हणतात, ‘हे असं इकडे घ्या आणि इथे क्लिक करा.’ खाली बोलण्याचे मथळे (कॅप्शन) दिले तरी त्यातही तेच ‘इकडे’ उमटतं. ‘फाइल मेनू उघडा, त्यातलं निर्यात निवडा’ असं बोलायला दोन सेकंद जास्त लागतात. मी रेकॉर्डिंगच्या आधीच संहिता मागवते आणि प्रत्येक ‘हे’, ‘इथे’, ‘असं’ खाली रेघ मारून परत पाठवते. शिक्षक कुरकुरतात, पण एकदा रेकॉर्ड झालेला धडा केवळ यासाठी पुन्हा कोणीही रेकॉर्ड करत नाही.